आडनाव विचारणारे कापड

मागच्या आठवड्यात आमच्या एका ग्रुपवर माझा जुना फोटो फिरला. ग्लासगोतल्या एका वर्गमित्राच्या लग्नातला. अंगात काळा कोट, गळ्यात टाय आणि कमरेखाली गुडघ्यापर्यंतचा, चौकड्यांचा, मागच्या बाजूला चुण्या घातलेला लोकरी किल्ट. फोटोखाली बरेच काही लिहिले गेले. काहींनी थट्टा केली, 'भाऊ, लुंगी कमी पडली का?' ती हसून सोडून दिली. एका ज्येष्ठ मित्राने मात्र गंभीरपणे विचारले की हा स्कॉटलंडच्या सरंजामी कुळप्रमुखांचा पोशाख आहे, आंबेडकरवादी माणसाने तो अंगावर चढवावाच का? आणि एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, 'घातला तर घातला, पण मग निळा का नाही?'

या दोन प्रश्नांना ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख. प्रश्न कपड्याचा आहे म्हणून तो किरकोळ आहे असे कुणी समजू नये. कुणी काय नेसायचे, कोणता रंग अंगावर घ्यायचा, कोणता दागिना घालायचा नाही, हे ज्यांच्या पूर्वजांना शेकडो वर्षे दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्यांच्यासाठी तर तो मुळीच किरकोळ नाही.

त्या लग्नाचे आमंत्रण आले तेव्हा मी तिथे शिकत होतो. वर्गमित्र म्हणाला, आम्ही सगळे किल्ट घालणार आहोत, तुलाही घालावासा वाटला तर दुकानात भाड्याने मिळतो. मी गेलो. काउंटरमागच्या म्हाताऱ्या गृहस्थाने हसून स्वागत केले आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'आडनाव काय?'

मित्रांनो, हा प्रश्न आपल्याला किती वेळा आणि कशासाठी विचारला जातो हे तुम्हाला सांगायला नको. भाड्याची खोली बघायला गेलो की, रेल्वेत समोरच्या सीटवर बसलो की, ऑफिसात पहिल्या दिवशी डबा उघडला की. नुसते नाव सांगून चालत नाही. 'पूर्ण नाव?' मग गाव, मग कुठला वाडा. या प्रश्नाचा वास मला लांबून येतो. तो सात समुद्रांपलीकडे, कपड्याच्या दुकानात यावा याचे मला आधी हसू आले आणि मग पाठ ताठ झाली.

त्या गृहस्थाच्या मनात तसले काही नव्हते, हे लगेच सांगतो. तिथली समजूत अशी की प्रत्येक स्कॉटिश कुळाचा, म्हणजे क्लॅनचा, स्वतःचा टार्टन असतो. टार्टन म्हणजे उभ्याआडव्या रंगीत धाग्यांच्या ठरावीक क्रमाने विणलेले चौकड्यांचे कापड. आडनाव कॅम्पबेल असेल तर हा, मॅकडोनाल्ड असेल तर तो. दुकानदाराकडे जाडजूड यादी असते, तो आडनाव शोधून कापड दाखवतो. माझे आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून झालेले, ते त्याच्या यादीत कुठून असणार? त्याने यादी मिटली आणि म्हणाला, 'मग तुम्हाला आवडेल तो रंग घ्या.'

हे वाक्य तो सहज बोलून गेला. पण यादीत आडनाव नसलेल्या माणसालाच तेवढी मोकळीक का, हा प्रश्न मला पडला आणि मी वाचायला लागलो. जे हाती आले ते आपल्या तरुणांनी जरूर समजून घ्यावे, कारण 'ही आमची हजारो वर्षांची परंपरा आहे' हे वाक्य आपणही रोज ऐकतो.

चौकड्यांचे कापड जुने आहे, यात वाद नाही. ग्लेन ॲफ्रिकच्या दलदलीत सापडलेला एक तुकडा १५०० ते १६०० या काळातला ठरला आहे. जुनी नाही ती आडनाव आणि चौकड्यांची जोडी. मार्टिन मार्टिन या स्वतः हायलँडर असलेल्या लेखकाचे स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरचे पुस्तक १७०३ साली निघाले. त्यात तो म्हणतो की कापडाचा नमुना बेटाबेटाला, भागाभागाला बदलतो. म्हणजे तो गावच्या विणकराच्या हातचा आणि तिथे मिळणाऱ्या वनस्पतींच्या रंगांचा मामला होता, रक्ताचा नव्हे. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर हायलँडर सैन्य आणि सरकारी सैन्य यांची लढाई झाली. त्या बंडाचे त्याच काळातले चित्र डेव्हिड मोरिएरने काढले आहे. त्यात एकेका लढवय्याच्या अंगावर दोन-तीन निरनिराळ्या चौकड्या दिसतात. कोट एका नमुन्याचा, किल्ट दुसऱ्याचा. ज्याला जे मिळाले, जे आवडले, ते त्याने घातले.

कलोडनला हायलँडर हरले. लंडनच्या संसदेने लगेच कायदा केला की हायलँडमधल्या पुरुषाने वा मुलाने किल्ट घालायचा नाही, टार्टनचा कोट घालायचा नाही. पहिल्यांदा पकडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा पकडला तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सरकारी पलटणीतल्या सैनिकांना मात्र सूट. म्हणजे राजासाठी मरायला निघालात तर तोच किल्ट चालेल, स्वतःच्या शेतात घातलात तर गुन्हा! अशाच किल्टवाल्या दोन पलटणी, ७४वी आणि ७८वी हायलँडर्स, १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढल्या. हा कायदा १७८२ ला रद्द झाला.

रद्द झाल्यावर जे घडले ते जास्त बोधप्रद आहे. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीचे माग जोरात चालले होते. पलटणींना कापड लागत होते, शहरी हौशी लोकांना लागत होते. कंपनीच्या वहीत नमुन्यांना बरेचदा नुसते नंबर असत, नाहीतर गावांची, माणसांची नावे. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांना पत्रे पाठवली की आपापल्या कुळाच्या खऱ्या टार्टनचा नमुना सहीशिक्क्यानिशी पाठवा. काही प्रमुखांना आपला 'खरा' नमुना कोणता हेच माहीत नव्हते! १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. त्या सोहळ्याची सूत्रे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या हाती होती. सगळ्यांनी टार्टन घालून यावे असे ठरले, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याने विल्सनकडे धाव घेतली. राजाने स्वतः लालभडक टार्टनचा किल्ट घातला, खाली गुलाबी चड्डीवजा मोजे. (व्यंगचित्रकारांची चंगळ झाली.) पुढे १८४२ साली दोन भावांनी 'वेस्टिआरियम स्कॉटिकम' नावाचा ग्रंथ काढला. कुळांच्या टार्टनची आम्हाला सापडलेली प्राचीन पोथी म्हणून तो खपवला. पोथी बनावट होती, आणि आपण राजघराण्याचे वंशज आहोत हा त्या भावांचा दावाही तसाच. तरीही त्या ग्रंथातले कितीतरी नमुने आज 'पुरातन कुळ-टार्टन' म्हणून विकले जातात.

पोथी जुनी म्हणून खरी, आणि खरी म्हणून पाळायची. ही युक्ती आपल्याकडे कुणी कशी वापरली हे इथे उलगडत बसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या ग्रंथातल्या आपल्या निबंधात मॅकफर्सन कुळाच्या प्रमुखाच्या टार्टनची हकीकत दिली आहे. प्रमुखाला जो 'मॅकफर्सन' म्हणून दिला गेला, तो त्याआधी 'किड' या नावाने नोंदलेला होता. कारण किड नावाच्या गृहस्थाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांना घालण्यासाठी तो ठोक विकत घेतला होता. आणि त्याच्याही आधी तो नुसता एक नंबर होता. ट्रेव्हर-रोपर यांची सगळीच मते मान्य होण्यासारखी नाहीत. हायलँडरांकडे ते जरा वरूनच बघतात, आणि आखूड किल्ट एका इंग्रज कारखानदाराने शोधला या त्यांच्या मांडणीवर स्कॉटिश अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. पण स्कॉटलंडचे टार्टन अटलांटिकपलीकडच्या मळ्यांवर गुलामांच्या अंगावर घातले जात होते, हे खरे आहे. एकाच मागावरचा एकच नमुना, एक गठ्ठा गुलामांसाठी, एक तुकडा सरदारासाठी. गुलामाने तो रंग निवडला नव्हता. सरदार मात्र तो आपल्या रक्तात आहे असे सांगत होता.

तेव्हा माझ्या ज्येष्ठ मित्राला उत्तर असे की किल्ट सरंजामदारांचा आहे हे अर्धेच खरे. तो गरीब गुराख्यांचा होता, त्यावर बंदी आली, मग तो पलटणीचा झाला आणि मग सरदारांनी तो आपल्या नावावर करून घेतला. ग्लेनगॅरीचा मॅकडोनेल हा असाच एक. १८१५ साली त्याने 'खऱ्या हायलँडरांची' संस्था काढली, रेबर्नने त्याचे रुबाबदार टार्टनमधले चित्र काढले आहे. आणि हाच माणूस आपल्या जमिनीवरच्या कुळांना मेंढ्यांसाठी हुसकावून लावत होता. परंपरेचा पोशाख अंगावर आणि परंपरेची माणसे जहाजातून कॅनडाला. असल्या माणसाने किल्ट घातला म्हणून तो त्याचा झाला असे मी मानत नाही. त्याच न्यायाने सूट साहेबाचा म्हणून बाबासाहेबांनी तो घालायला नको होता, असेही कुणी म्हणेल. म्हणतातही!

आज कायदा काय सांगतो? कोणीही कोणताही कुळ-टार्टन घालू नये असा कायदा नाही. बाल्मोरल नावाचा करडा टार्टन राजघराण्यासाठी राखीव मानला जातो, तो दुकानात मिळत नाही, एवढेच. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये टार्टन नोंदणीचा कायदा केला आणि २००९ पासून सरकारी नोंदवही सुरू आहे. तिच्यात कोणीही स्वतः रचलेला नमुना नोंदवू शकतो. शीख, ज्यू, मुस्लिम स्कॉट्स यांचे टार्टन आहेत. अलीकडे नोंदवलेला एक तर मला फार महत्त्वाचा वाटतो. चेटूक केल्याच्या आरोपाखाली १५६३ ते १७३६ या काळात स्कॉटलंडमध्ये जे मारले गेले, आणि त्यात बहुतेक बायका होत्या, त्यांच्या स्मरणार्थ हा टार्टन आहे. काळा आणि करडा त्या अंधाराचा व राखेचा, लाल रक्ताचा, गुलाबी कोर्टाच्या कागदांना बांधतात त्या फितीचा. ज्या कापडावर सरदारांची नावे होती, त्याच कापडावर आता जाळल्या गेलेल्या बायकांची आठवण आहे.

आता रंगाकडे. इथे थोडे तपशिलात जातो, कारण त्या दुकानात माझे खरे दोन तास इथेच गेले. टार्टनची ओळख असते धाग्यांच्या क्रमात आणि प्रमाणात. निळ्याचे किती धागे, मग हिरव्याचे किती. पण तो निळा म्हणजे नेमका कोणता निळा, हे बऱ्याच अंशी विणकरावर सोडलेले असते. म्हणून एकच टार्टन तीन-चार छटांत मिळतो. 'मॉडर्न' म्हणजे रासायनिक रंगांचा, गडद. त्यातला निळा आणि हिरवा लग्नाच्या हॉलमध्ये जवळपास काळाच दिसतो. 'एन्शंट' म्हणजे फिका, वनस्पतींच्या जुन्या रंगांची आठवण करून देणारा, त्यातला निळा आभाळासारखा आणि लाल नारिंगीकडे झुकलेला. नावात प्राचीन असले तरी हा प्रकार विसाव्या शतकातला. आणि 'वेदर्ड' म्हणजे वर्षानुवर्षे मातीत, ऊनपावसात पडून विटलेल्या कापडासारखा. हिरव्याच्या जागी तपकिरी, निळ्याच्या जागी पाटीचा राखी. शिवाय 'ड्रेस' म्हणजे पांढरा घालून उजळ केलेला आणि 'हंटिंग' म्हणजे हिरव्या-तपकिरीकडे नेलेला. एवढे पर्याय हाताशी असल्यावर 'तुमच्या आडनावाचा एकच' या म्हणण्यात काय उरते?

दुकानदाराने मला आधी निळेच दाखवले, सावळ्या रंगाला शोभतील म्हणून. चांगले होते. मी हात ठेवला तो वेदर्ड प्रकारातल्या तपकिरीवर. त्यात राखी रेघा आणि एक बारीक विटकरी धागा. का, तर माझ्या आज्याच्या घोंगडीचा रंग तसा होता. आणि मला तपकिरी आवडतो. दुसरे कारण पहिल्यापेक्षा लहान नाही.

हा आजा मुंबईला गिरणीत होता, पण विणकामाच्या खात्यात नव्हता. आपल्या लोकांना तिथे घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, अस्पृश्याचा उष्टा धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे आणि विणकामाची मजुरी जास्त होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. ज्या घरातल्या माणसाला कापड विणायला मनाई होती, त्या घरातला मी एका परक्या देशात कापडाच्या ढिगासमोर उभा राहून 'हा नको, तो दाखवा' म्हणत होतो. तेव्हा 'निळा का नाही' विचारणाऱ्या माझ्या तरुण मित्रा, त्या दोन तासांत मी निळ्याला नाकारत नव्हतो. मी निवडत होतो.

निळ्याबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला माझ्या हातात निळा झेंडा असतो आणि असेल. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून तो आपल्या राजकीय एकजुटीचा रंग आहे. पण झेंड्याचा रंग आणि अंगावरच्या सदऱ्याचा रंग या दोन गोष्टी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोक जमले ते पांढऱ्या कपड्यांत. बाबासाहेबही पांढऱ्या वस्त्रांत होते. त्याआधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली त्याच दिवसांत, बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून, गळ्यातल्या-हातातल्या ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा, असे त्यांनी सांगितले. त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असा दंडक आहे. वस्त्राने माणूस ओळखू यावा ही मनूची गरज होती. महाडच्या बायकांनी ती उधळून लावली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. निळा आपण लादून घेतलेला नाही, स्वतः उचललेला आहे. जात लपवण्याच्या धडपडीत कित्येकजण घरातला फोटो काढून ठेवतात, अशा काळात निळा अभिमानाने अंगावर घेणे हेच बंड आहे. मला हे मान्य आहे. माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या लग्नात निळा शालू नेसला, तेव्हा मला तिचा जो अभिमान वाटला तो शब्दांत सांगता येणार नाही. पण तो तिने निवडला म्हणून. उद्या ज्या मुलीने मोरपंखी किंवा गुलाबी निवडला तिला 'तू कसली आंबेडकरवादी' असे कुणी म्हटले, तर त्या क्षणी आपल्या हातात विल्सन कंपनीची नमुन्यांची वही आलेली असेल. आडनाव सांगा, रंग घेऊन जा. चळवळीचा रंग चळवळीने ठरवावा, जरूर ठरवावा. माणसाच्या अंगावरचा रंग त्या माणसाने ठरवावा.

'मग उद्या भगवा घालशील का?' असे कुणीतरी विचारणारच. बौद्ध भिक्खूंचे चीवर कोणत्या रंगाचे असते ते बघून या, मग बोलू.

त्या लग्नात आणखी एक गंमत झाली. नवरामुलगा स्वतःच्या कुळाच्या टार्टनमध्ये नव्हताच. त्याच्या आईला त्यातला पिवळा आवडत नव्हता, म्हणून त्याने आजोळच्या आडनावाचा घेतला. त्याच्या एका मामाने तर कुठल्याही कुळाचा नसलेला, सरळ करड्या रंगाचा, बिनचौकडीचा किल्ट घातला होता. कुणी हूं की चूं केले नाही. जेवणाच्या टेबलावर एका आजीबाईंनी मला विचारले, हा कोणत्या कुळाचा? मी म्हटले, माहीत नाही, मला रंग आवडला. त्या म्हणाल्या, 'बरोबर आहे, छान दिसतोय,' आणि बटाट्यांचे भांडे माझ्याकडे सरकवले.

यंदा आपली काही मुले शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला जातील. कुणा मित्राच्या लग्नाला किंवा पदवीदानाला किल्ट घालायची वेळ आली तर घाला. विकत घेऊ नका. पूर्ण आठ यार्डांचा लोकरी किल्ट फार महाग पडतो, भाड्याचा पुरतो. कापड दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका, दाराशी उजेडात नेऊन बघा. गडद निळा आणि काळा यांत फरक कळेनासा होतो. टाय आणि मोज्यांच्या पट्ट्या टार्टनमधल्या सर्वांत बारीक रेघेच्या रंगाच्या घ्या, म्हणजे अंगावर रंगांची भांडणे होत नाहीत. पायमोजे दुकानदार पांढरट देतो, हवे असतील तर गडद मागा, मिळतात. बसताना मागच्या चुण्या हाताने खाली सारून बसा, नाहीतर उठेपर्यंत त्या चुरगळलेल्या असतात. आणि आडनाव विचारले की मोठ्या आवाजात, पूर्ण सांगा. त्याच्या यादीत ते नसणार, मग तो कापडांचा अख्खा ढीग तुमच्यासमोर मांडेल.